अण्णांची एकादशी

माझे थोरले भाऊ, अण्णा, यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं 2022 च्या पावसाळ्यात कळलं, आणि कळलं तेव्हा तो मणक्यात अन् खुब्याच्या हाडात पोचलेला होता. जुन्नर तालुक्यात मीना नदीच्या अंगाला आमचं घर आहे. टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं. कंबर धरते ही तक्रार त्या मातीत वाकून काम करणाऱ्या प्रत्येकाची असते, म्हणून अण्णांच्या कंबरेकडं वर्षभर कुणी लक्ष दिलं नाही. बाम चोळायचा, गोळी घ्यायची आणि पुन्हा वाफ्यात उतरायचं.

लक्ष गेलं ते रात्रीच्या उठण्याकडं. आमच्या भागात बिबट्यामुळं अंधार पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला एकटं बाहेर सोडत नाहीत. अण्णा लघवीला उठले की सूनबाई जागी व्हायची, अंगणातला दिवा लावायची, आणि पुतण्या काठी-बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर गोठ्यापर्यंत जायचा. एका रात्रीत तीन-तीन, चार-चार वेळा हे होऊ लागलं, आणि बाहेर गेलेले अण्णा लवकर परतेनात. सूनबाईनंच मला घोडेगावला फोन केला. "तात्या, अण्णांना लघवीला लई वेळ लागतोय. नुसतं उभं राहत्यात. तुम्ही एकदा दवाखान्यात न्या." बिबट्याचा धाक नसता तर अण्णा किती वेळा उठतात हे त्या घरात कुणालाच कळलं नसतं.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. रक्तातला पीएसए सर्वसाधारणपणे चारच्या आत असावा असं धरतात. अण्णांचा दोनशेच्या वर होता. बायोप्सीच्या अहवालात ग्लीसन स्कोअर 4 + 5 = 9 असं लिहून आलं. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानं 1966 मध्ये ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली प्रोस्टेटच्या ग्रंथींची मूळ रचना कितपत मोडली आहे ते बघायचं, सगळ्यात जास्त दिसणाऱ्या नमुन्याला एक आकडा द्यायचा, त्याखालोखालच्या नमुन्याला दुसरा, आणि दोहोंची बेरीज करायची. सहा म्हणजे संथ आजार, नऊ-दहा म्हणजे आक्रमक. साठ वर्षांत इतकी नवी यंत्रं आली, तरी या आजाराचं भवितव्य सांगताना डॉक्टर आधी हाच आकडा बघतात.

"किती दिवस?" हा प्रश्न पुतण्यानं विचारला. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरीणबाईंनी दिवस सांगितले नाहीत. त्यांनी एका चाचणीचे आकडे सांगितले. 'लॅटिट्यूड' नावाच्या त्या चाचणीत नव्यानं निदान झालेले, आजार हाडांत गेलेले आणि जास्त धोक्याच्या गटातले 1199 रुग्ण होते. ज्यांना फक्त नर-संप्रेरक बंद करण्याचा उपचार मिळाला, त्यांतले निम्मे 36.5 महिन्यांपलीकडं जगले. ज्यांना त्याच्या जोडीला ॲबिराटेरॉन आणि प्रेडनिसोन मिळालं, त्यांच्यात हाच आकडा 53.3 महिने झाला. "हे निम्म्यांचं गणित आहे, तुमच्या वडलांचं नाही," असं त्या म्हणाल्या. "ते कुठल्या निम्म्यात आहेत हे मला आज सांगता येणार नाही. पण ते किती खातात, किती चालतात, गोळ्या किती नेमानं घेतात यावर बरंच अवलंबून आहे." त्यांचं हे शेवटचं वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरला वाढायला टेस्टोस्टेरॉन लागतं. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये हे दाखवून दिलं आणि 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ते संप्रेरक बंद करायचे दोन मार्ग: ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच शस्त्रक्रिया करून अंडकोष काढून टाकणं. वहिनींसमोर हे बोलायचं कसं या संकोचात मी होतो. अण्णांनीच तो सोडवला. "ऑपरेशन करून टाका. दर तीन महिन्याला इंजेक्शनासाठी पुण्याला कोण पळणार? आणि सत्तरी ओलांडल्यावर मला त्याचं काय करायचंय?" ग्रामीण भागातले पुष्कळ रुग्ण हाच निर्णय घेतात, पैशाचं कारण मोठं असतं, पण पुन्हा पुन्हा कुणाला त्रास द्यायला नको ही भावनाही असते.

शस्त्रक्रियेनंतर ॲबिराटेरॉन आणि जोडीला प्रेडनिसोलोन सुरू झालं. पीएसए झपाट्यानं उतरला, कंबरेचं दुखणं थांबलं, रात्रीचं उठणं एकावर आलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या हिवाळ्यात भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरला. असेच संदेश महाराष्ट्रभर फिरले आहेत, तुम्हीही वाचला असेल. एका जपानी शास्त्रज्ञाला उपवासाच्या शोधाबद्दल नोबेल मिळालं, उपाशी राहिलं की शरीर कॅन्सरच्या पेशी स्वतःच खाऊन टाकतं, आपल्या ऋषींनी हे एकादशीच्या रूपानं आधीच सांगून ठेवलं होतं, वगैरे. अण्णा माळकरी. लहानपणापासून एकादशी त्यांनी चुकवलेली नाही. या संदेशानं त्यांना फार मोठा आधार मिळाला, आणि मला तो आधार समजतो. आपण आयुष्यभर जे श्रद्धेनं केलं तेच आता औषध ठरतंय, असं कुणाला वाटणार नाही? त्यांनी दोन्ही एकादश्या निर्जळी सुरू केल्या. मग संकष्टीला ओझरचं दर्शन आणि दिवसभर उपास. मग सोमवार. मग एरवीही रात्रीचं जेवण बंद. वहिनी म्हणायच्या, "पथ्य म्हणून करत्यात, मी कसं अडवू?"

मी संक्रांतीला गेलो तेव्हा त्यांच्या दंडांकडं बघून मला धस्स झालं. सदरा खांद्यावरून उतरत होता. जिना चढताना ते कठड्याला धरून थांबले. पीएसए अजून खाली होता, म्हणजे आजार हटत होता आणि माणूस त्याहून वेगानं खचत होता.

मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणापलीकडच्या शाळांमधून विज्ञान शिकवून निवृत्त झालो. पेशी आणि तिची अंगकं हा आठवीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला आहे. त्यात लयकारिका येतात. जुनी झालेली अंगकं, कचरा, आत घुसलेले जंतू यांचं पाचन करणाऱ्या त्या पिशव्या. उपासमारीच्या काळात त्या पेशीत साठवलेले पदार्थही पचवतात, हेही मुलांना सांगायचो. तेव्हा संदेशाचा गाभा खोटा नव्हता, म्हणून तो खोडणं अवघड होतं. नुसतं "असलं काही नसतं" म्हणून चाललं नसतं. मी मुळापासून वाचायला बसलो.

लयकारिकांचा शोध बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव यांनी 1955 मध्ये लावला, आणि पेशीनं स्वतःचेच भाग पचवण्याच्या या क्रियेला 1963 मध्ये त्यांनीच ऑटोफॅजी, म्हणजे स्वपचन, हे नाव दिलं. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी काम केलं ते यीस्टवर, पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टवर. पाचक विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. काही तासांत त्याच्या रिक्तिकेत बारीक पुटिका साचून ती भरून गेलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली: पेशी स्वतःचा माल पचवायला आत आणत होती, पण पचवायला विकरं नव्हती. हा निष्कर्ष 1992 मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी त्यांनी या क्रियेला लागणारी पंधरा जनुकं शोधली. 2016 चं नोबेल या कामाला आहे. त्यात एकही माणूस उपाशी ठेवलेला नव्हता, कॅन्सरचा एकही रुग्ण नव्हता. शिवाय ही क्रिया पोटभर जेवलेल्या माणसाच्या पेशींतही चोवीस तास चालूच असते. उपासात तिचा वेग वाढतो इतकंच.

कॅन्सरशी तिचं नातं दुहेरी आहे, आणि मला अण्णांना नेमकं तेच सांगायचं होतं. बेथ लेव्हिन यांच्या गटानं 1999 मध्ये बेक्लिन-1 या स्वपचनाच्या जनुकावर काम करून दाखवलं की ते गाठींची वाढ रोखतं. स्तन, अंडाशय आणि प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठींत या जनुकाची एक प्रत हरवलेली असते. 2003 मध्ये एक प्रत नसलेल्या उंदरांना जास्त गाठी झाल्या. म्हणजे निरोगी पेशीत स्वपचन हे राखणीचं काम करतं: मोडकी अंगकं साफ होतात, जनुकांची हानी कमी होते, पेशी बिघडत नाही. संदेश लिहिणाऱ्यांनी एवढाच अर्धा भाग उचललेला असतो.

उरलेला अर्धा भाग गाठ झाल्यानंतरचा. कॅन्सरची पेशीही पेशीच आहे, लयकारिका तिच्यातही आहेत. रक्तपुरवठा अपुरा पडला, औषधानं कोंडी केली, की तीही स्वतःचे भाग पचवून तग धरते. 2016 मध्येच, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रोस्टेटचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्या उंदरांत पीटेन हे राखणदार जनुक काढलेलं होतं. माणसाच्या पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्येही ते पुष्कळदा हरवलेलं असतं. अशा उंदरांच्या प्रोस्टेटमधलं स्वपचन एटीजी-7 हे जनुक काढून बंद पाडलं, तेव्हा गाठी उशिरा वाढल्या. आणि हे दोन्ही अवस्थांत दिसलं: संप्रेरक चालू असताना, तसंच ते बंद करूनही आजार वाढू लागला तेव्हा. प्रयोगशाळेतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींचं संप्रेरक तोडलं की त्यांच्यात स्वपचन वाढतं, आणि ते अडवलं तर त्या जास्त मरतात, असंही वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं आहे. याच विचारानं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरिया-संधिवाताचं जुनं औषध स्वपचन रोखण्यासाठी कॅन्सरच्या चाचण्यांत वापरून पाहिलं गेलं. नेहमीच्या उपचारात यावं इतका गुण त्यातून सिद्ध झालेला नाही, पण जगभरचे संशोधक प्रोस्टेटच्या या टप्प्यावर स्वपचन वाढवायच्या मागं नाहीत, ते थांबवायच्या मागं आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

हे मी अण्णांना पडवीत बसून सांगितलं. जनुकांची नावं सोडून दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे 72 च्या दुष्काळात आपण बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली, तसं का?"

"तसंच, अण्णा. पण दुष्काळ पडला म्हणून एकटं आपलंच घर बियाणं खातं असं नसतं ना. तुमच्या हाडातली ती पेशीसुद्धा खाते आणि जगते."

"मग उपासानं ती वाढती का?"

"तसं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण उपासानं ती मरते याचाही पुरावा नाही. तुमच्या दंडाचं मांस मात्र चाललंय, ते आपल्याला डोळ्यांनी दिसतंय."

मांसाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती. टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झडतात, चरबी वाढते, हाडं ठिसूळ होतात. हा उपचाराचाच परिणाम आहे. त्यात माणूस वारंवार उपाशी राहिला की शरीर प्रथिनांसाठी पहिला हात स्नायूंना घालतं, आणि तिथं पेशींचं स्वपचनही जोरात चालतं. स्नायू झडलेला रुग्ण पडतो, हाड मोडतं, अंथरूण धरतो, पुढचे उपचार त्याला झेपत नाहीत. अण्णांच्या भवितव्याचा एवढा भाग आमच्या हातात होता आणि तोच निसटत होता.

गोळीचाही गुंता होता. ॲबिराटेरॉनच्या नेहमीच्या चार गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. तुपकट खाण्याबरोबर घेतली तर औषध दहापटीपर्यंत जास्त शोषलं जातं. प्रेडनिसोलोन मात्र काहीतरी खाऊन घ्यायचं. निर्जळीच्या दिवशी अण्णा दोन्ही तशाच कोरड्या घशानं गिळत होते, आणि उपास सोडल्यावर पोटात जळजळ होते म्हणून कधी कधी प्रेडनिसोलोन टाळत होते. हे वहिनींकडून कळल्यावर मी त्यांना घेऊन पुन्हा पुण्याला गेलो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी अण्णांना विचारलं, "एकादशीला तुमच्यात काय काय चालतं?" दूध चालतं, शेंगदाणे, राजगिरा, वरई, रताळं चालतं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि गोळीची पद्धतच बदलली. शिकागो विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 72 रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली होती, 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. रिकाम्या पोटी 1000 मिलिग्रॅम घेण्याऐवजी कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर 250 मिलिग्रॅम, म्हणजे चारांऐवजी एकच गोळी घेतली, तरी पीएसए उतरण्यात ती कमी पडली नाही. चाचणी लहान आहे आणि ती आयुर्मानाची नाही, पीएसएची आहे, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. पण खर्च चौथाईवर येतो. आणि अण्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली: नाश्ता हा औषधाचा भाग झाला. गोळी रोज, म्हणून नाश्ताही रोज.

घरी आल्यावर अण्णा दोन दिवस कुणाशी फार बोलले नाहीत. मंडळातले वयानं मोठे असलेले एक बुवा भेटायला आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, आजारी माणसानं पांडुरंगाला काया झिजवून दाखवायची गरज नाही, नाम घ्यावं. मी पानंच्या पानं वाचून जे सांगत होतो त्यापेक्षा बुवांचा शब्द अण्णांना जवळचा होता, आणि तसा तो असायलाच हवा होता. सोमवार सुटला, संकष्टी दर्शनापुरती राहिली. एकादशी राहिली, पण निर्जळी नाही. त्या दिवशी सकाळी साय काढलेलं दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या, त्याबरोबर गोळी. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. एरवी वहिनी भाकरीबरोबर मटकी-हुलग्याचं कालवण, ताक, पनीर असं काही ना काही देतात. अंडी अण्णा खात नाहीत, तो विषय मी काढलाही नाही. रोज संध्याकाळी ते खुर्चीवरून हात न टेकता उठायचा-बसायचा व्यायाम करतात आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलतात. नातू मोजायला बसतो. उन्हाळ्यापर्यंत सदरा पुन्हा खांद्यावर बसला.

या सगळ्या वाचनात मला एक प्रश्न मात्र छळत राहिला होता. स्वपचन जर इतकं महत्त्वाचं, तर अण्णांच्या गाठीत ते किती चाललंय हे बघून पुढचं काही सांगता येईल का? बायोप्सीचा मेणातला ठोकळा, ज्याला दवाखान्यात 'ब्लॉक' म्हणतात, तो तर जपून ठेवलेला असतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्यांनी वेळ काढून समजावलं. संशोधनात अशा ठोकळ्यांच्या चकत्यांवर एलसी-3, पी-62, बेक्लिन अशा प्रथिनांचे रंग चढवून पाहतात, आणि काही अभ्यासांत त्यांचा ग्लीसन स्कोअरशी संबंधही दिसला आहे. पण चकती म्हणजे एका क्षणाची स्थिर अवस्था. एलसी-3 जास्त दिसलं तर स्वपचन जोरात चालू आहे असा अर्थ होऊ शकतो, किंवा सुरू होऊन शेवटच्या पायरीवर अडकल्यामुळं माल साचला आहे असाही होऊ शकतो. ओसुमींच्या यीस्टमध्ये पुटिका साचल्या त्या दुसऱ्या कारणानं. मेलेल्या पेशींच्या चकतीवरून या दोहोंत फरक करता येत नाही. स्वपचनाच्या अनेक जनुकांची एकत्र मोजणी करून कुणाचा आजार उलटेल याचे ठोकताळे बांधणारे निबंधही गेल्या काही वर्षांत आले. त्यांतल्या पुष्कळांची माहिती अमेरिकेच्या कॅन्सर जनुक-नकाशाच्या प्रकल्पातली, प्रोस्टेटच्या सुमारे पाचशे रुग्णांची, आणि तेही बहुतांशी गाठ प्रोस्टेटपुरतीच असताना शस्त्रक्रिया झालेले. हाडांत आजार गेलेल्या जुन्नरच्या शेतकऱ्याला ते गणित लावता येत नाही. "मी तो रिपोर्ट मागवला तरी उद्या तुमच्या भावाचं एकही औषध बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं औषध बदलेल अशी एक तपासणी आहे, ती करू."

ती बीआरसीए जनुकांची. योगायोग असा की बेक्लिन आणि बीआरसीए-1 ही दोन्ही जनुकं सतराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. स्तन आणि अंडाशयाच्या गाठींत बेक्लिन हरवतं ते मुळात शेजारचं बीआरसीए-1 हरवताना त्याच्याबरोबर जातं म्हणून, असं 2014 मध्ये काही संशोधकांनी दाखवलं. म्हणजे लेव्हिन यांच्या निष्कर्षाच्या त्या भागावरही वाद आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत जास्त घातक ठरतं ते बीआरसीए-2 मधलं वैगुण्य. ते असेल तर आजार अधिक आक्रमक असतो, पण ओलापॅरिबसारख्या औषधाचा मार्गही उघडतो. आणि ते वैगुण्य जन्मजात असेल, तर प्रत्येक मुला-मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी.

गेल्या दोन तपासण्यांत अण्णांचा पीएसए हळूहळू चढू लागला आहे. ब्लॉक तपासणीला पाठवला आहे. अण्णांच्या दोन मुली आहेत, एक मंचरला दिली आहे आणि एक ओतूरला. रिपोर्टात काही निघालं तर त्यांच्याही रक्ताची तपासणी करावी लागेल, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या धोक्यासाठी. थोरलीला मी फोनवर सांगितलं, तिनं शांतपणे ऐकलं आणि तारीख विचारून घेतली. धाकटीला सांगायला येत्या रविवारी अण्णा स्वतः माझ्याबरोबर ओतूरला येणार आहेत.